आईचा अंगठा मशीन घेत नाही, म्हणून रेशन कार्ड बंद झालं. जाब कुणाला विचारायचा?

लक्ष्मीची लेक
सोमवार, रात्री 10.50

नमस्कार. पोस्ट लांब आहे. थोडक्यात सांगितलं की जो तो "केवायसी करून घ्या" म्हणून मोकळा होतो, म्हणून या वेळी सगळं लिहिते.

आई 61 वर्षांची. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून विड्या वळते. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रात्री पान भिजत घालायचं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कातरायचं, मग सूप मांडीवर घेऊन बसायचं. एकेका पानात चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने दाबून बंद करायचं. हजार विड्या म्हणजे अंगठा आणि शेजारचं बोट हजार वेळा घासायचं. असं पन्नासेक वर्षं. काल रात्री मोबाइलच्या टॉर्चखाली मी तिचा अंगठा धरून पाहिला. मधल्या भागावर रेघच नाही. पिवळट, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. कडेला थोड्या रेघा आहेत, त्याही तुटक.

वडील वारले. लग्नानंतर माझं नाव सासरच्या कार्डावर गेलं. आईचं एकटीचं केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबातलं, महिन्याला 5 किलो धान्य. कार्डावर दुसरं कुणी नाही, त्यामुळे तिच्याऐवजी अंगठा द्यायलाही कुणी नाही.

गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा अडलं. तेव्हा पावसाळ्याचं तीन महिन्यांचं धान्य एकदम वाटायचं होतं. दुकानदाराने तिची दहाही बोटं लावून पाहिली, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लावली. "मावशी, दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी गेली, तेच. म्हणजे तीन महिन्यांचं धान्य एका अंगठ्यापायी गेलं. मग सप्टेंबरमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, नोव्हेंबरमध्ये दोनदा, डिसेंबरमध्ये एकदा. एकूण 7 खेपा. दुकान उघडतं ती वेळ नेमकी विडी कंपनीच्या ब्रँचवर विड्या मोजून द्यायची, म्हणजे दर खेपेला कामाचा खोळंबा वेगळाच.

मला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. "बोटं झिजली, त्याला कोण काय करणार," असं तिनं मनाशी धरून घेतलं होतं. जानेवारीत माहेरी गेले, तांदळाचा डबा उघडला तर तळाशी किराणा दुकानातून आणलेला सुटा तांदूळ. तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून रेशन ऑफिसला गेले. (शहर लिहीत नाही. दुकानदार ओळखीचा आहे, त्याला त्रास नको.) कारकुनाने कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "यांनी सहा महिने धान्य उचललेलं नाही. सिस्टीमने कार्ड बंद केलंय." मी म्हटलं, ती सात वेळा दुकानात जाऊन आली आहे. तो म्हणाला, "इथे तसं काही दिसत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझी आई सात वेळा रांगेत उभी राहिली आणि सरकारच्या नोंदीत ती एकदाही आली नाही. तिला मिळालं नाही, त्याची नोंद "तिने घेतलं नाही" अशी झाली. आणि घेतलं नाही म्हणजे गरज नाही, असं पुढे कुणीतरी ठरवलं. कुणी, तेही कळायला मार्ग नाही.

मी स्वतः एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर 9 वर्षं डाटा एन्ट्री करते. एक अक्षर चुकलं तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून नाव, वय, मोबाइल तिन्ही तोंडी विचारायचं, आणि शंका आली तर बाकावर बसलेल्या माणसाला नावाने हाक मारायची, हा आमचा नियम. कॉम्प्युटरवर माझा राग नाही, माझं पोट त्यावर चालतं. पण आईचं नाव काढताना तिला कुणी हाक मारली नाही.

जाणकारांनी सांगावं. कार्ड बंद केल्याचा लेखी हुकूम असायला नको का? तो कुणाच्या सहीने निघतो? आई सात वेळा गेली हे सिद्ध करायचं ओझं आमच्यावरच आहे का, आणि असेल तर पुरावा आणायचा कुठून?

आमच्या घरात म्हणतात, पाच किलोसाठी किती रजा टाकणार, तेवढा तांदूळ आपण देऊ. देऊच. पण ते 5 किलो आईच्या नावाचे आहेत, जावयाच्या उपकाराचे नाहीत. परवा रात्री तिने मला विचारलं, "मतदानाच्या यादीत तरी नाव आहे ना गं माझं?" मी यादी उघडून तिचं नाव दाखवलं, तेव्हा कुठे ती झोपली.


सावधान_वाचक
सोमवार, रात्री 11.20

ताई, आधी एक विनंती. इथे किंवा कुणी खासगी निरोपात मागितला तरी आधार नंबर, कार्डाचा नंबर, ओटीपी काहीही देऊ नका. मदतीच्या नावाखाली लुबाडणारे याच धाग्यांवर टपून असतात.


रास्तभाव
मंगळवार, सकाळी 7.15

ताई, मी दुकानदार आहे, तुमच्या जिल्ह्यातला नाही. आमच्या बाजूला काय होतं ते सांगतो.

मशीनवर कार्डाचा नंबर टाकला की घरातल्यांची नावं येतात. ज्याचा थंब घ्यायचा त्याचं नाव निवडायचं. बोट ठेवलं की ठसा आधारच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून हो किंवा नाही येतं. ठसा जुळला नाही तर 300 नंबरची एरर. आम्ही आपसात "तीनशे आली" असंच म्हणतो. जुळला तर पावती निघते, आणि पावती निघाली तरच व्यवहार झाला. तीनशे आलेला माणूस आमच्या विक्रीत कुठेच दिसत नाही. तुमचा कारकून खोटं बोलला नसणार. त्याच्यासमोर पावत्यांचा हिशेब असतो, हात हलवत परत गेलेल्यांचा नसतो.

कुणाची तीनशे येणार हे मला माणूस पायरी चढतानाच कळतं. गवंडी, सिमेंट-चुन्यात हात असणारे, धुणंभांडी करणाऱ्या बायका, उसाच्या तोडीवरून परत आलेले, आणि सत्तरी ओलांडलेले बहुतेक सगळे. गुरुजींचा थंब पहिल्या झटक्याला लागतो. ज्याचं हातावर पोट त्याचाच हात मशीन ओळखत नाही, हे मी रोज पाहतो आणि मला ते बघवत नाही.

डोळ्याचं स्कॅनर किंवा ओटीपीचा पर्याय तुमच्या दुकानात आहे का ते विचारा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला लागतो, तिथेच निम्मी म्हातारी माणसं अडतात. रजिस्टरवर सही घेऊन धान्य द्यायची सोय आहे असं आम्हालाही सांगतात, पण स्टॉक जुळला नाही की नोटीस दुकानदाराला येते, म्हणून माझे बरेच भाऊबंद त्या वाटेला जात नाहीत. तुमच्या दुकानदाराला वाईट समजू नका, एवढंच म्हणणं. दहा बोटं दोनदा लावून पाहणारा माणूस टाळाटाळ करणारा नसतो.


बांधावरून
मंगळवार, दुपारी 1.05

आईबद्दल वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही मांडतो. आमच्या गावात मेलेल्या माणसांच्या नावाने वर्षानुवर्षं धान्य उचललं जायचं. पोती रात्रीची ट्रॅक्टरने जायची, सगळ्यांना माहीत होतं, बोलायची कुणाची हिंमत नव्हती. थंब आल्यापासून मेलेले लोक धान्य न्यायचे थांबले. मशीन काढा म्हटलं तर तेच दिवस परत येतील.


लक्ष्मीची लेक
मंगळवार, रात्री 9.40

बांधावरून, तुमचं म्हणणं मला पटतं. आईलाही ते दिवस आठवतात, रॉकेलचा डबा घेऊन बसायचं आणि "संपलं" ऐकून परत यायचं. मशीन काढा असं मी म्हणतच नाही. मेलेल्या माणसाचा अंगठा लागला नाही तर कुणी तक्रार करायला येणार नाही. जिवंत माणसाचा लागला नाही तर ते माणूस समोर उभं असतं. त्या दोघांत फरक करायला दुकानात एक जण असतोच, फक्त त्याला तसा अधिकार दिलेला नाही.

रास्तभाव, तुमच्यामुळे "तीनशे" कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "होय, तो पोरगा तीनशे तीनशे म्हणायचा, मला वाटलं पैसे मागतोय."


अर्ज-अपील
बुधवार, सकाळी 6.30

ताई, माहिती अधिकाराचं काम करून मला बरीच वर्षं झाली. तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. सर्वांत घाईचं ते आधी.

पुरावा कुठून आणायचा, तर आधारच्याच वेबसाइटवरून. तिथे "ऑथेंटिकेशन हिस्टरी" म्हणून सोय आहे. आईचा आधार कुणाकडून, कधी, किती वाजता तपासला गेला, बोटाने की ओटीपीने, जुळला की नाही आणि एरर कुठली, हे सगळं त्यात येतं. रास्तभाव म्हणतात ती 300 तिथे दिसेल. दुकानाच्या हिशेबात नसलेली तुमची आई त्या यादीत आहे. पण ही नोंद मागच्या सहा महिन्यांचीच दिसते. जूनच्या दोन खेपा हातून गेल्याच, आणि जितका उशीर कराल तितक्या पुढच्याही जातील. त्यासाठी लागणारा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. नंबर जुना असेल तर आजच आधार केंद्रावर जाऊन बदला, 75 रुपये फी आहे.

आता हुकूम. सहा महिने धान्य न उचललेली कार्डं तात्पुरती बंद करायची तरतूद केंद्राने जुलै 2025 मध्ये रेशन वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात केली. त्याच तरतुदीत पुढे असं आहे की तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी करायची आणि पात्रता पुन्हा ठरवायची. बंद करायचं काम सिस्टीम करते, ते ताबडतोब होतं. घरी जायचं काम माणसाचं, ते राहून जातं. तुम्ही अर्जात या दुसऱ्या भागावर बोट ठेवा.

शिवाय 24 ऑक्टोबर 2017 चं केंद्राच्या अन्न विभागाचं राज्यांना पत्र आहे: आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नका, नाव काढू नका. हे पत्र आलं त्याच्या आदल्या महिन्यात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या घरचं कार्ड आधारला न जोडल्यामुळे रद्द झालं होतं. सरकारने आजाराचं कारण पुढे केलं, आई म्हणत राहिली की पोर भात मागत गेली. मी हे पत्र प्रत्येक अर्जाला जोडतो.

कारण लेखी मागण्याचा अधिकार तुम्हाला माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(घ) ने दिलाय. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणं कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे, मागितलं नाही तरी. तरीही मागा. जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: कार्ड बंद केल्याच्या आदेशाची प्रत, तो काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम, ज्या निकषावर नाव यादीत आलं तो निकष, आणि घरी पडताळणी केल्याचा अहवाल. "सिस्टीम" हे पदनाम नाही, हे त्या उत्तरातून आपोआप बाहेर येतं. सोबत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे वेगळी तक्रार करा, अन्न सुरक्षा कायदा 2013 मध्ये हे पद त्यासाठीच आहे, वर राज्य अन्न आयोग आहे. त्याच कायद्याच्या कलम 8 प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्याने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. फार थोडे लोक मागतात. तुम्ही मागा.

इथवर कामाचं झालं. पुढचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

29 सप्टेंबर 2010 ला देशातला पहिला आधार नंबर आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. वचन असं होतं की ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल. आज त्याच ओळखीच्या जोरावर आईला "तू ती नाहीस" म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 2018 मध्ये चार विरुद्ध एक मताने सरकारी लाभांसाठी आधार चालू ठेवला. त्यात वेगळं मत न्या. चंद्रचूड यांचं होतं. ठसे जुळण्याचं काम शंभर टक्के होत नाही हे कोर्टासमोरही आलं होतं. शंभरातले उरलेले कोण, तर रास्तभाव यांच्या पायरीवरचे लोक.

आणि आता गोष्ट ठशाच्याही पुढे गेली आहे. तेलंगणात "समग्र वेदिका" नावाची यंत्रणा आहे. वाहनं, मालमत्ता, वीज, असे वेगवेगळ्या खात्यांचे डाटा एकत्र आणून नाव, पत्ता यांवरून कोण कोण एकच आहे हे ती ठरवते. नावं थोडी सारखी असली की एकाची गाडी दुसऱ्याच्या डोक्यावर. तिथे सुमारे 19 लाख कार्डं रद्द झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये घरोघरी जाऊन फेरतपासणी करायला सांगितली. पहिल्या टप्प्यात तपासलेल्या सुमारे 2 लाख अर्जांत 15 हजारांहून जास्त लोक पात्र निघाले. हे 15 हजार संसार तोवर कसे जेवले असतील? ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने आयकर, वाहनं आणि कंपन्यांचे संचालक यांच्या नोंदींशी ताडून 1.17 कोटी कार्डधारकांची यादी राज्यांना पाठवली. त्यात खरे अपात्र असतीलच, त्यांची नावं जावीत. पण जावीत ती घरी जाऊन विचारल्यावर.

आईने मतदार यादीचं विचारलं ना? तिला कुणी हे शिकवलेलं नाही आणि तिने नेमकं तेच विचारलं. 2015 मध्ये मतदार याद्या आधारशी जोडून साफ करायचा कार्यक्रम निघाला होता, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो थांबला. डिसेंबर 2018 ला तेलंगणात मतदान झालं तेव्हा केंद्रावर गेलेल्या कितीतरी लोकांना यादीत नाव सापडलं नाही, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. माफी मिळाली, मत गेलं. रेशनचं नाव गेलं तर पुढच्या महिन्यात भांडता येतं. मताचं नाव गेलं तर पाच वर्षं थांबावं लागतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस निवडण्यातच तुमचा वाटा उरत नाही.


डेल्फ्टकर
बुधवार, संध्याकाळी 5.50

मी मूळचा सांगलीचा, आता नेदरलँड्समध्ये. हे वाचून लिहावंसं वाटलं, कारण "असं आपल्याकडेच होतं" असं कुणाला वाटू नये.

इथे पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार भत्ता देतं. तो देणाऱ्या कर खात्याने कुणावर संशय घ्यायचा हे ठरवायला एक संगणकीय मॉडेल वापरलं. प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यातला एक निकष. एखादी सही राहिली, एखादा कागद चुकला, की अख्ख्या वर्षांचा भत्ता परत मागायचा. हजारो युरोंच्या नोटिसा निघाल्या. वीस हजारांहून जास्त कुटुंबं यात भरडली गेली. घरं गेली, संसार मोडले, हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. फोन केला तर एकच उत्तर: सिस्टीममध्ये असं दिसतंय.

शेवटी संसदेच्या समितीने डिसेंबर 2020 मध्ये अहवाल दिला. त्याचं नाव मराठीत "अभूतपूर्व अन्याय" असं होईल. 15 जानेवारी 2021 ला पूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. माझ्या ऑफिसमधली सुरिनामी वंशाची एक बाई त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नुसती बसून होती. तिच्या बहिणीला नोटीस आली होती. "राजीनामा दिला," एवढंच ती दोनदा म्हणाली.

त्यानंतर इथे सरकारी खाती कुठलं अल्गोरिदम कशासाठी वापरतात याची नोंदवही सगळ्यांना पाहता येते, डिसेंबर 2022 पासून. सगळं त्यात नाही, पण विचारायला जागा आहे. शिवाय युरोपातल्या डाटा कायद्यात एक कलम आहे: फक्त यंत्राने घेतलेल्या मोठ्या निर्णयाला नकार देऊन माणसाकडून तपासणी मागता येते. आपला 2023 चा डाटा संरक्षण कायदा मी मुद्दाम वाचला. असं कलम त्यात नाही.

ताईंच्या आईला तिथे जे कलम मिळालं नाही ते मला इथे बाहेरून येऊन आपोआप मिळालं. हे मला बोचतं.


लक्ष्मीची लेक
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 10.15

सगळ्यांना आधी नमस्कार. काय झालं ते सांगते.

आईच्या आधारला वडिलांचा जुना मोबाइल नंबर होता, तो कधीच बंद पडलेला. 75 रुपये भरले, आठवडा थांबलो, मग ओटीपी आला. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि मला घाम फुटला. 5 खेपा, 31 ओळी. प्रत्येक बोटाची वेगळी ओळ असते. शेवटच्या रकान्यात वरून खालपर्यंत 300, 300, 300. जूनच्या दोन खेपा नाहीतच, त्या गळून गेल्या.

प्रिंट आईला वाचून दाखवली. तिला तारखा समजत नाहीत, तिथी समजते. 17 ऑक्टोबर, सकाळी 9.42 म्हटल्यावर क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वसुबारस. गर्दी नव्हती, म्हणून त्याने सगळी बोटं परत लावून बघितली." त्या दिवसाच्या ओळी मोजल्या तर 20 भरल्या. दोनदा दहा. कुणीतरी सगळं लिहून ठेवलेलं होतं, आणि इतके दिवस तिच्या बाजूने ते कुणी वाचलं नव्हतं.

प्रिंट, 2017 चं पत्र आणि अर्ज घेऊन ऑफिसला गेले. कारकून तोच. त्याने 31 ओळी बोट ठेवून वाचल्या, मग म्हणाला, "हे आमच्याकडे येतच नाही हो." त्याच्या आवाजात मला खरंच वाईट वाटलेलं जाणवलं. आवकचा शिक्का मारून पोच दिली. दहा दिवसांनी निरीक्षक बाई घरी आल्या. आईने सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात पुढे केले. बाईंनी अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि पंचनाम्यात लिहिलं, "विडी कामामुळे ठसे झिजलेले." आईने मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. कार्ड परवा चालू झालं. पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या दुकानात डोळ्याचं स्कॅनर आहे, तिथे पावती निघाली. रिक्षाचं भाडं धान्याच्या किमतीला भिडतं, त्यामुळे जवळच्या दुकानात स्कॅनरसाठी वेगळा अर्ज दिलाय.

जून ते डिसेंबरचं धान्य मात्र कुणी देत नाही. "मागचं मिळत नाही," एवढंच तोंडी सांगितलं. माहिती अधिकाराचं उत्तर अजून यायचंय, 30 दिवस पुढच्या आठवड्यात भरतात.

आज सकाळी आईने मला ब्रँचवर नेलं. तिने बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ओट्यावर बसून मी मोबाइलवर 14 जणींची हिस्टरी काढली, ओटीपी त्यांच्याच हाताने टाकायला लावून. 14 पैकी 6 जणींच्या यादीत तीनशे आहे. त्यातल्या दोघींना वाटत होतं की आपलं नाव नवऱ्यानेच काढलं.

म्हणून एक मागणं. अर्ज-अपील, कलम 8 चा भत्ता मागणारा अर्ज कुणी याआधी केला असेल तर त्याचा मसुदा मिळेल का? या सहा जणी आणि आई, असे सात अर्ज एकदम द्यायचे आहेत, पुढच्या रविवारच्या आत.